दोन कार्डांची भागीदारी

भागीदारीचे हिशेब आम्ही वर्गात शिकलो. पुस्तकातले 'अ' आणि 'ब' कधी भांडत नाहीत. फारच झाले तर पुढच्या उदाहरणात त्यांची पेढी विसर्जित होते. माझी भागीदारी मात्र पुस्तकाबाहेरची. ती सुरू झाली एका कॉम्प्युटरच्या पोटात.

बाबांचे लग्नपत्रिकांचे डीटीपीचे दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये एनव्हीडिया जातीचे, जीफोर्स जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. पडद्यावरची चित्रे तयार करणे हे या कार्डाचे काम. माझ्या बाकावरच्या मित्राकडे होते एएमडी जातीचे, रेडिऑन आरएक्स ६६००, ८ जीबीचे. सुट्टीत काकांच्या दुकानात राबून त्याने ते घेतलेले. पण पावसाळ्यात विजेच्या लपंडावात त्याचा मदरबोर्ड जळाला आणि कार्ड डब्यात पडून राहिले. त्याची शाळा कन्नड माध्यमाची, माझी मराठी. आमचे चांगले जमते.

गणपतीच्या आधी एका मंडळाने ३० सेकंदांचे चलत्चित्र करून मागितले. नावे दोन्ही भाषांत, मोबदला सहा हजार रुपये, आणि सकाळी आठला हातात हवे. मी म्हटले, "तुझे कार्ड आण, दोन्ही एकत्र लावू. चार आणि आठ, बारा जीबी होतील!"

तसे काही होत नाही, हे त्या रात्री कळले. दोन कार्डे जोडण्याची कल्पना जुनीच. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीची दोन व्हूडू-२ कार्डे जोडता येत. २००४ मध्ये एनव्हीडियाने एसएलआय आणले, २००५ मध्ये एटीआयने क्रॉसफायर. पण ही सारी घरच्या घरातली सोयरीक. परजातीच्या कार्डांना विंडोज व्हिस्टामध्ये एकत्र नांदूही देत नसत. २००९ च्या विंडोज ७ पासून दोघांचे ड्रायव्हर शेजारी शेजारी राहू लागले. पुढे ल्यूसिड कंपनीची हायड्रा नावाची चिप आली. दोन जातींना एका खेळात जुंपायचे, हा तिचा उद्देश. ती फार चालली नाही. २०१५ च्या डायरेक्टएक्स १२ ने परवानगी दिली, पण अट घातली, की कामाची वाटणी खेळ लिहिणाऱ्यानेच करायची. २०१६ च्या 'ॲशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' या खेळाने ती करून दाखवली. एवढी यातायात करणारे थोडेच निघाले.

आम्ही ब्लेंडर वापरत होतो. त्यात एनव्हीडियासाठी 'कुडा' आणि एएमडीसाठी 'हिप' असे दोन मार्ग आहेत. एका वेळी एकच निवडता येतो. शिवाय प्रत्येक कार्डाला संपूर्ण देखावा आपापल्या मेमरीत मावावा लागतो. म्हणून चार आणि आठ यांचे बारा होत नाहीत. मी तर हात टेकले होते. मित्र म्हणाला, "दोघांना एका ताटात कशाला बसवतोस? दोन ताटे मांड की."

आम्ही ब्लेंडर दोनदा उघडले, एक कुडावर, एक हिपवर. 'प्लेसहोल्डर' चालू केले आणि 'ओव्हरराइट' बंद. मग जे कार्ड मोकळे होई ते पुढच्या चित्राच्या नावाची रिकामी फाइल करून जागा धरी आणि दुसरे ते चित्र सोडून पुढे जाई.

सेकंदाला २५ म्हणजे एकूण ७५० चित्रे. रेडिऑनला एका चित्राला एक मिनिट लागे, जीफोर्सला चार. एकट्या रेडिऑनला साडेबारा तास लागले असते. दोघांनी मिळून चार मिनिटांत पाच चित्रे केली, म्हणजे दहा तास. रात्री नऊला सुरू केलेले काम सकाळी सातला संपले. दोन्ही कार्डांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी काम झाले.

भांडलो आम्ही. मंडळाने पैसे माझ्या हाती दिले. मित्राचे म्हणणे, "माझ्या कार्डाने ६०० चित्रे केली, तुझ्याने १५०. मला ४८००, तुला १२००." मी म्हटले, माझी १५० नसती तर आठच्या आत काम झालेच नसते, शिवाय कॉम्प्युटर आणि वीज आमची. वर १९३२ चा भागीदारी कायदाही ऐकवला, की करार नसेल तर नफा समसमान. तो म्हणाला, "कायदा तुझा, कार्ड माझे," आणि स्क्रू काढून कार्ड घेऊन गेला. दहा दिवस एका बाकावर बसून आम्ही बोललो नाही.

पाकीट माझ्या खणात तसेच होते. बाबा एवढेच म्हणाले, "वाटणी काम सुरू व्हायच्या आधी बोलतात रे." मग मी वही काढली. चुकत होतो दोघेही. तो माणसाचा वाटा कार्डाच्या मापाने मोजत होता, आणि मी कार्डाचे श्रम मोजायलाच तयार नव्हतो. मी कार्डांचे भाडे १००० रुपये धरले आणि ते चित्रांच्या प्रमाणात वाटले, त्याला ८००, मला २००. उरलेले पाच हजार आमच्या जागरणाचे. ते निम्मे निम्मे. त्याचे ३३००, माझे २७००. वीज आमच्याकडून.

पाकीट घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याने हिशेबाचा कागद दोनदा वाचला, पैसे मोजले नाहीत. "आगलि बिडो," म्हणाला. दुसऱ्या दिवशी कार्ड पुन्हा आमच्या कॉम्प्युटरमध्ये बसले. आता दर कामाआधी वहीत दोन ओळी लिहून दोघेही सही करतो, मी मराठीत, तो कन्नडमध्ये.

ही झाली माझी बाजू. त्याला म्हटले आहे, तुझी तू कन्नड विभागात लिही. वाचकांनी दोन्ही वाचून निवाडा करावा.