दर्शनी पडदा

नाटक सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं मला नाटकाइतकीच प्रिय. म्हणूनच असेल, युरोपातल्या जुन्या दर्शनी पडद्यांवर माझा जीव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, स्वच्छंदतावाद ऐन भरात असताना, जाड कापडावर सरसात कालवलेल्या रंगांनी हे पडदे रंगवत. मधे एखादं तळं, पडकं देऊळ, ढगांत बसलेल्या कलादेवता. आणि भोवती, गंमत अशी, आणखी एक पडदा, तोही रंगवलेलाच! लाल मखमलीच्या चुण्या, सोनेरी गोंडे, गोंड्याखाली त्याची सावलीसुद्धा. कापड सपाट, चुण्या खोट्या. वाऱ्यानं कापड हललं की लबाडी उघडी पडणार, हे रंगवणाऱ्यालाही ठाऊक आणि बघणाऱ्यालाही.

१८२१च्या मे महिन्यात बर्लिनमध्ये शिंकेलनं बांधलेलं नवं नाट्यगृह उघडलं. वास्तुकारही तोच, नेपथ्यकारही तोच. गटेनं खास लिहिलेल्या नांदीला मागच्या पडद्यावर चित्र कशाचं? त्याच नाट्यगृहाचं, शेजारच्या दोन चर्चांसकट! ज्या इमारतीच्या पोटात लोक बसले होते, तीच त्यांच्यापुढे उभी.

त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी लंडनच्या कोबर्ग थिएटरनं यावर कडी केली. टेम्सच्या दक्षिणेचं हे थिएटर मेलोड्रामांवर जगायचं. तिथे चित्रबित्र काही नाही, थेट आरशाचाच पडदा! ६३ काचा, वजन पाच टनांच्या घरात. त्या काळी खेळ चालू असतानाही प्रेक्षागृहातले दिवे मालवत नसत, त्यामुळे पिटापासून गॅलरीपर्यंत सगळी मंडळी समोर लख्ख. कुणी टोपी सारखी केली असेल, कुणी स्वतःलाच हात केला असेल. काचांचे सांधे मात्र दिसत. एखाद्याचं नाक एका काचेत आणि हनुवटी दुसरीत, असंही झालं असेल.

पण हे कौतुक टिकणार किती? थोड्याच वेळात गॅलरीतून कुणीतरी ओरडलं म्हणे, की हे झालं, आता दुसरं काही दाखवा! किस्सा खरा असेल तर तो गॅलरीवाला मला त्या हंगामातला सगळ्यात जाणता टीकाकार वाटतो. रंगवलेल्या गोंड्यामागे काहीतरी दडलंय असं वाटतं. आरशामागे काय असणार? तिकीट काढून पुन्हा आपलंच तोंड!

पुढे ते ओझं छपराला पेलवेना, म्हणून काचा उतरवाव्या लागल्या. थिएटर अजून उभं आहे आणि तिथे नाटकंही होतात. आता त्याला ओल्ड व्हिक म्हणतात.