सोयाचा कबाब आणि आमचा दस्तरखान

कबाब म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात. एक मटण आणि दुसरा मुसलमान. त्यामुळे पिंपरीतली एक मुसलमान बाई घरी सोयाबीनचे तुर्की कबाब करते, हे कळलं की ऐकणाऱ्यांचे दोन गट पडतात. हिंदू मैत्रिणी कौतुकाने विचारतात, "अगं, तुम्ही नॉनव्हेज सोडलंत?" आणि आमचे नातेवाईक जरा संशयाने विचारतात, "गोश्त छोड दिए क्या?" प्रश्न एकच, पण एकीकडे शाबासकी आहे आणि दुसरीकडे नाराजी. दोघांनाही माझं उत्तर एकच असतं, नाही सोडलं.

मग हा उद्योग कशासाठी? कारण साधं आहे. अब्बांची अँजिओप्लास्टी झाली. उभं आयुष्य पिंपरीतल्या एका कारखान्यात लेथवर काढलेला माणूस, खाण्याचा शौकीन. डॉक्टरांनी बडं आणि मटण दोन्ही बंद करायला सांगितलं. चिकन आठवड्यातून एकदा चालेल म्हणाले. पण अब्बांच्या मते "कोंबडी का कबाब, कबाब नै होता." ते ताटावर बसत, वरण-भात खात आणि उठून जात. आम्ही बाकीचे खिमा खात असू तेव्हा तर आतल्या खोलीतून बाहेरच येत नसत. घरात एक दस्तरखान पसरायचा आणि घरातल्या वडीलधाऱ्याने त्यावर बसायचं टाळायचं, हे मला बघवत नव्हतं.

तुर्की कबाब मात्र माझ्या मुलीमुळे घरात शिरले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'एर्तुग्रुल' ही तुर्की मालिका उर्दूत आली आणि कितीतरी मुसलमान घरांप्रमाणे आमच्याही घरात रोज रात्री तंबू, घोडे आणि तलवारी सुरू झाल्या. मालिका संपली, पण मुलीचं तुर्की वेड राहिलं. आजोबांचं पथ्य आणि नातीचा हट्ट, दोन्ही एका सळईवर ओवायचं काम माझ्याकडे आलं.

आधी शब्दांकडे बघू. तुर्की भाषेत 'शिश' म्हणजे सळई. 'दोनेर' म्हणजे फिरणारा. आपल्याकडे गल्लोगल्ली मिळणारा शोरमा हा शब्दही 'फिरवणं' या अर्थाच्या तुर्की शब्दावरूनच अरबीत गेला. 'कोफ्ता' फारसीतून आला, त्याचा अर्थ कुटलेलं. यातल्या एकाही शब्दात मांस नाही. सळई आहे, फिरवणं आहे, कुटणं आहे. शुद्ध शाकाहारी हॉटेलात 'हराभरा कबाब' आणि 'मलाई कोफ्ता' मागवताना कुणाला हे खटकत नाही. मग माझ्याच सोयाच्या कबाबाला 'नकली' का म्हणायचं?

खुद्द तुर्कस्तानातच याचं मोठं उदाहरण आहे. त्या देशाच्या आग्नेय भागात उर्फा आणि आदियामान ही शहरं आहेत. तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे 'चीय कोफ्ते', म्हणजे कच्चा कोफ्ता. कच्चं मांस, बुल्गुर नावाचा गव्हाचा रवा आणि मिरची एकत्र करून तासन् तास हाताने मळायचं. उर्फाचे लोक याची गोष्ट थेट हजरत इब्राहिम अलैहिस्सलाम यांच्यापर्यंत नेतात. नमरूदने त्यांना जाळण्यासाठी गावातलं सगळं सरपण गोळा केलं. एका शिकाऱ्याने हरीण आणलं, पण चूल पेटवायला काडी नाही. तेव्हा त्याच्या बायकोने मांस दगडावर कुटून, बुल्गुरमध्ये मळून तसंच वाढलं. ही दंतकथा आहे. आजच्या चीय कोफ्तेची जान असलेली मिरची तर अमेरिकेतून आली, कोलंबसच्या नंतर. पण गोष्ट सुंदर आहे आणि बकरी ईदला आपण ज्यांची आठवण काढतो त्यांच्याशी जोडलेली आहे.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. कच्चं मांस विकणं आरोग्याला धोक्याचं, म्हणून सरकारने दुकानांत त्याची विक्री बंद केली. दुकानदारांनी मांस काढून टाकलं. बुल्गुर, टोमॅटो-मिरचीचा लगदा, अक्रोड, डाळिंबाचा आंबट-गोड पाक घातला आणि कोशिंबिरीच्या पानात गुंडाळून विकायला सुरुवात केली. आज तिथल्या दुकानांत मिळणारं चीय कोफ्ते बिनमांसाचं असतं आणि लोक ते आवडीने खातात. याने तुर्की माणूस कमी मुसलमान झाला, असं कुणी म्हटल्याचं माझ्या कानावर नाही.

आता आपल्या सोयाबीनकडे येते. मराठवाडा-विदर्भाच्या शेतकऱ्याचं हे पीक. लातूरची सोयाबीनची बाजारपेठ राज्यात नावाजलेली. बियांतून तेल काढल्यावर जी पेंड उरते, तिचं पीठ करून पाण्यासोबत यंत्रात उष्णता आणि दाब देऊन ढकलतात. बारीक तोंडातून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो, पीठ फुगतं आणि त्यात स्पंजासारखी छिद्रं तयार होतात. ही आपली सोयाबीन वडी. शंभर ग्रॅम कोरड्या वडीत सुमारे ५२ ग्रॅम प्रथिनं असतात. याच्या पुढची पायरी म्हणजे हुबेहूब मांसासारखे लागणारे तयार पदार्थ. लातूरच्या देशमुख घराण्यातले रितेश आणि त्यांची पत्नी जेनेलिया यांनी २०२१ मध्ये 'इमॅजिन मीट्स' ही अशीच कंपनी सुरू केली. तिच्या यादीत सीख कबाबही आहे.

तयार पाकीट सोयीचं असतं, पण हृदयाच्या पेशंटसाठी आणताना मागची बारीक अक्षरं वाचा. अशा पदार्थांत मीठ बऱ्याचदा जास्त असतं आणि मांसाच्या चरबीची नक्कल करायला खोबरेल तेल घातलेलं असतं, जे स्वतःच संपृक्त चरबीने भरलेलं आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ३६ जणांवर एक प्रयोग केला. आठ आठवडे मांस आणि आठ आठवडे वनस्पतिजन्य मांस. दुसऱ्या काळात वाईट कोलेस्टेरॉल कमी भरलं. मात्र ३६ माणसं ही फार थोडी आणि प्रयोगाला पैसा अशाच पदार्थांच्या एका कंपनीचा होता, हेही लक्षात ठेवलेलं बरं. म्हणून मी घरीच करते. स्वस्तही पडतं.

आमची पद्धत अशी. अदाना शहराच्या कबाबाच्या वळणाची, सात-आठ सळयांपुरती.

शंभर ग्रॅम सोया ग्रॅन्यूल्स गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा. मग दोन वेळा ताज्या पाण्यात धुऊन सुती कापडात घट्ट पिळा. सगळा खेळ या पिळण्यावर आहे. पाणी राहिलं की सोयाचा तो कच्चा वास राहतो आणि कबाब सळईवरून सुटतो. पिळलेला सोया मिक्सरला एक-दोनदाच फिरवा, पीठ करू नका. अर्धी वाटी लापशी रवा शिजवून, निथळून, गार करून घ्या. बुल्गुर आधीच वाफवलेला असतो, आपला लापशी रवा कच्चा, म्हणून शिजवायचा. एक कांदा किसून आणि दोन लाल सिमला मिरच्या सुरीने बारीक चिरून, दोन्हींचं पाणी पिळून टाका.

चरबीच्या जागी मी अक्रोडाचा किंवा भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट घालते, तीन चमचे. चिकटपणासाठी कारखान्यात मिथाइल सेल्युलोज वापरतात, जे गरम झाल्यावर घट्ट होतं. घरात तीन चमचे डाळ्याचं पीठ आणि दोन छोटे चमचे इसबगोल पुरतं. शामी कबाबात चण्याची डाळ हेच काम करते, त्यामुळे आपल्या बायकांना हे नवीन नाही. ब्याडगी मिरचीची भरड, जिरेपूड, थोडा वाळलेला पुदिना आणि बेताचं मीठ. गरम मसाला घालू नका. हात आपोआप त्या डब्याकडे जातो, पण तुर्की कबाबात मिरची, मीठ आणि धूर एवढंच बोलतं. सगळं दहा मिनिटं चांगलं मळून तासभर फ्रिजमध्ये ठेवा.

सळया चपट्या हव्यात, बोटाएवढ्या रुंद. गोल सळईवर मिश्रण गरगर फिरतं. आम्ही भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या कापून, कडा घासून घेतल्या. एमआयडीसीत राहण्याचा हा फायदा. ओल्या हाताने मिश्रण पट्टीवर दाबा, बोटांनी खाचा पाडा, तेलाचा हात लावून निखाऱ्यावर किंवा बिडाच्या तव्यावर भाजा. तव्यावर केले तर शेवटी पातेल्यात वाटीभर निखाऱ्याचा धुंगार द्या. सोबत लिंबू पिळलेला कांदा, कोथिंबीर आणि रोटी.

अब्बांनी पहिला कबाब हळूहळू खाल्ला. मग म्हणाले, "मटन नै है ये. मगर बुरा बी नै है." आणि दुसरा घेतला. मला एवढं पुष्कळ होतं.

खरी कसोटी रमजानमध्ये लागली. इफ्तारला आमच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावलं होतं. इतकी वर्षं शिरखुर्मा त्या घरी घेऊन जात, पण आमच्याकडे बसून कधी जेवल्या नव्हत्या. स्वयंपाकघराच्या दारात थांबून त्यांनी हळूच विचारलं, "तवा वेगळा आहे ना गं?" मी म्हटलं, "हो काकू, नवीन आणलाय." माझ्या नणंदेचा चेहरा पडला. नंतर ती म्हणाली, "भाभी, ये क्या इम्तहान है?" मला तसं वाटलं नाही. आपणही दुसऱ्याकडे जेवायला गेलो की विचारतोच ना, हलाल आहे ना? आपला प्रश्न दीनाचा आणि त्यांचा प्रश्न अपमानाचा, असं कसं? काकू अब्बांच्या शेजारी बसल्या, तीन कबाब खाल्ले आणि कृती लिहून घेतली.

पण माझ्या चुलत भावाचा आक्षेप मला असा झटकून टाकता येत नाही. तो म्हणाला, "बाजी, त्यांना हेच पाहिजे. आज तुम्ही हौसेने करताय, उद्या सांगतील, बघा, यांचं मांसाशिवाय चालतं." त्याच्या बोलण्यामागे अनुभव आहे. मार्च २०१५ मध्ये राज्यात गाय, बैल आणि वळूच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आली. म्हैसवर्गावर ती बंदी नाही, तरीही रेड्याचं मांस घरी आणताना पिशवी झाकून घेणारे लोक मी रोज बघते. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणसाच्या स्वयंपाकघरात किती डोकवायचं, याला हद्द आहे, असा त्याचा अर्थ मी घेते. शिवाय ज्या खाटीक-कुरेशी घरांची रोजी त्यावर होती, त्यांना माझ्या सोयाच्या कृतीचा काय उपयोग?

आणि ताटाबद्दल हळवे फक्त आपणच आहोत असंही नाही. आपल्या चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगनची गोष्ट बघा. ही कंपनी जर्मनीत मोटारींसोबत स्वतःचं सॉसेजही बनवते आणि त्याला सुट्या भागासारखा पार्ट नंबर आहे. २०२१ मध्ये वोल्फ्सबर्गच्या मुख्यालयातल्या एका कॅन्टीनमधून मांस काढलं, तर देशाचे माजी चॅन्सलर श्रोडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. दोन वर्षांनी ते सॉसेज परत आलं. तिथे कुणी श्रोडरना मागासलेले किंवा हिंसक म्हटलं नाही.

म्हणून भावाला मी एवढंच सांगितलं, अब्बांच्या ताटातलं मटण डॉक्टरांनी काढलं आणि आम्ही ते मान्य केलं. उद्या सोसायटीने किंवा सरकारने माझ्या चुलीवर काय शिजावं हे ठरवलं, तर मी तुझ्या बाजूला उभी असेन, याच कबाबाची सळई हातात धरून. पण कुणाला तरी आवडेल या भीतीने मी माझ्या बापाला उपाशी ठेवणार नाही. दुसऱ्याच्या विरोधात खायचं आणि दुसऱ्याच्या धाकाने सोडायचं, दोन्हींत ताट आपलं राहत नाही.

तो हसला नाही, पटलं असंही म्हणाला नाही. त्याने कबाब मात्र घेतला. बकरी ईदला कुर्बानी नेहमीप्रमाणे होईल. तीन हिस्से होतील, गरिबांचा हिस्सा आधी निघेल. अब्बांना डॉक्टरांना विचारून एखादी छोटी बोटी मिळेल. त्यांच्यासाठी आणि काकूंसाठी सोया मी आदल्या रात्रीच भिजवून, पिळून ठेवणार आहे. त्या दिवशी दस्तरखानावरून कुणी उठून जायला नको.