गवताचें घर

आइसलँडच्या उत्तर भागांतील स्कागाफ्योर्दुर प्रांतांत आम्ही पोंचलों तेव्हां पाऊस भुरभुरत होता. ग्लौम्बैर येथील जुनें घर पाहावयाचें होतें. ‘गवताचें घर’ एवढेंच ऐकलेलें असल्यामुळें एखादी झोंपडी दिसेल अशी आमची समजूत. पाहतों तों लांकडी दर्शनी भिंतींची ओळच्या ओळ आणि त्यांवर हिरवींगार छपरें! पूर्वीं येथें धर्मोपदेशक राहत. वाडाच म्हणाना.

या देशांत इमारती लांकूड दुर्मिळ, आणि या ठिकाणीं बांधकामाजोगा दगडही थोडा. पाणथळ कुरणांतील माती मात्र गवताच्या मुळांनीं विणल्यासारखी घट्ट झालेली असते. तिच्या ढेपा कापून त्या माशाच्या कांट्याप्रमाणें (शाकाहारी वाचकांनीं वेणीचे पेड डोळ्यांपुढें आणावे) तिरप्या रचतात, व मधून मधून त्याच मातीच्या लांब पट्ट्या घालून थर बांधून घेतात. खरें मर्म छपराच्या उतारांत. तो कमी पडला तर पाणी झिरपतें. फार उभा झाला तर कोरड्या दिवसांत भेगा पडतात आणि पुढच्या पावसांत घर गळतें. देशावरील धाब्याच्या घरांत ज्यांनीं पावसाळे काढले आहेत त्यांस हें दुःख निराळें सांगावयास नको.

लांब, अंधाऱ्या बोळांतून आम्ही मागच्या खोलींत गेलों. तिला ‘बाथस्तोवा’ म्हणतात. घरचीं माणसें, गडी, मोलकरणी, मुलें, सर्वांचें निजणें, जेवणें आणि काम येथेंच. एकेका पलंगावर दोघे निजत; बायकांचे पलंग खिडक्यांखालीं, कारण विणकामास उजेड हवा. हिवाळ्याच्या रात्रीं सूतकताई चाले आणि एकजण मोठ्यानें जुन्या कथा वाची. आमच्याबरोबरच्या आत्याबाईंना माजघर आठवलें. ‘भांडणेंही येथेंच होत असतील,’ त्या म्हणाल्या.

१९४७ सालीं येथील वस्ती उठली. १९५२ पासून येथें संग्रहालय आहे. परंतु असें घर नुसतें कुलूप लावून राखतां येत नाहीं. मुळें कुजतात, भिंत खचते, आणि ती पुन्हा रचावी लागते. पूर्वीं मुलगा बापाच्या हाताखालीं ढेप कापावयास शिके. सिमेंटचीं घरें आलीं आणि ही विद्या मागें पडली. आतां ती मुद्दाम वर्ग भरवून शिकवावी लागते.

निघतांना आम्हीं बाहेरच्या भिंतीस हात लावून पाहिला. ओली, थंडगार, बोटांखालीं मुळें स्पष्ट लागत होतीं. एका कोपऱ्यावर नव्या ढेपा बसविलेल्या दिसल्या. त्यांचें गवत जुन्या गवताशीं अजून मिळालें नव्हतें.