लोणारची धार

लोणारला जायचे ठरले ते अक्काच्या हट्टाने. थोरली बहीण हट्टाला पेटली की धाकट्या भावाने पिशव्या भराव्यात, हा आमच्या घरचा जुना रिवाज. 2022 चा डिसेंबर होता. मेहकरहून एस.टी. निघाली, बाहेर तुरीची शेते, आत सोयाबीनच्या भावाच्या गप्पा. प्रवासभर मी एकही सिगारेट ओढली नाही, याचे अक्काला मोठे कौतुक. सोडून दोन वर्षे झाली होती.

खिडकीशी माझा भाचा बसला होता. वय तेवीस. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत असताना आधी उजव्या आणि दीड महिन्याने डाव्या डोळ्यासमोर धुके साचले. दुखले नाही, खुपले नाही. आता समोरच्याचा चेहरा त्याला दिसत नाही, कडेचे तेवढे दिसते; म्हणून तो माणसांकडे जरासा तिरपा पाहतो. 1871 साली लेबर नावाच्या जर्मन डॉक्टराने वर्णन केलेला हा रोग आईकडून येतो. ‘आईकडून’ हा एक शब्द अक्काच्या काळजात रुतून बसला होता. नातलगांपैकी कोणी कोणी तो पुन्हा पुन्हा उच्चारायचेही विसरले नाहीत.

गावातले दैत्यसूदनाचे देऊळ पाहून विवराच्या काठावर आलो. उल्का आदळून काळ्या बेसाल्टात पडलेला हा वाडगा सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे. (मराठीच्या मास्तराला उल्केपेक्षा लवणासुर अधिक जवळचा, पण ते असो.) तळाशी हिरवट पाणी, खारे आणि साबणासारखे अल्कधर्मी. जून 2020 मध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते. मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला होता.

काठावर गोमुखातून पडणाऱ्या धारेपाशी आम्ही टेकलो. भाचा कान देऊन ऐकत होता.

“मामा, या धारेखाली पाणचक्की बसवली तर ती फिरेल ना? पेशीत तेच चालतं.”

पेशीत तंतुकणिका असतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्या. त्यांच्या आतल्या पडद्यात प्रथिनांची चार मोठी संकुले बसलेली. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन ती हातोहात प्राणवायूपर्यंत पोचवतात, आणि त्यांतली तीन त्या ओघात प्रोटॉन पडद्यापलीकडे ढकलतात. तिकडे साचलेले प्रोटॉन परत येतात ते पाचव्या संकुलातून. ते खरोखरीच फिरणारे चाक आहे! एका फेऱ्याला एटीपीचे तीन रेणू. एटीपी म्हणजे पेशीच्या हातातला रोख पैसा. 1961 साली पीटर मिचेलने ही कल्पना मांडली तेव्हा फारसे कोणाला ती पटली नाही. 1974 साली दोघा शास्त्रज्ञांनी सोयाबीनच्या स्निग्धाचे सूक्ष्म फुगे केले, त्यांत मीठप्रिय सूक्ष्मजीवाचा जांभळा पंप आणि गाईच्या हृदयातले चाक बसवले, उजेड पाडला, आणि एटीपी तयार झाले. 1978 साली मिचेलला नोबेल मिळाले.

“म्हणजे खालच्या तळ्यातल्यांची आणि आपली युक्ती एकच?” मी विचारले.

“एकच. आपलं पहिलं संकुल फार मोठं, एवढंच. पंचेचाळीस भाग. गणपतीच्या मखरासारखे आधी निरनिराळे तुकडे जुळतात, मग ते एकमेकांना जोडतात. जोडणारी प्रथिनं वेगळी. सुतारांसारखी काम झालं की निघून जातात. अडतीस भागांचा आराखडा आईबाप दोघांकडून येतो. उरलेल्या सातांचा तंतुकणिकेच्या स्वतःच्या धाग्यात असतो, आणि तो धागा फक्त आईकडून. 16,569 अक्षरांतलं माझं 11,778 वं अक्षर चुकलेलं आहे. मखर उभं राहतं, पण काम अपुरं पडतं. डोळ्याच्या नसेचा खर्च मोठा, ती आधी खचते.”

जन्मभर मी मुद्रिते तपासली. एका अक्षराची अशी किंमत कधी मोजली नव्हती.

“म्हणजे माझ्यामुळेच ना रे?” अक्का म्हणाली. दोन वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदाच मोठ्याने विचारला.

“तुझ्याकडून आलं, आई. तुझ्यामुळे नव्हे. तुला आजीकडून आलं, आजीला तिच्या आईकडून.”

धार पडत होती. अक्काने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिले.

“आई एकच आपली,” ती म्हणाली. “मग तुझ्यातही?”

“माझ्यातही.”

मला ते दोन वर्षे ठाऊक होते. बापाकडून हे पुढे जात नाही, म्हणून माझ्या मुली सुटल्या. चूक अंगात असलेल्या सर्वांचेच डोळे जातात असेही नाही. पुरुषांना धोका अधिक, त्यातही तरुणपणी. धूम्रपानाने तो वाढतो.

“म्हणून सिगारेट सोडलीस होय! आणि मला म्हणालास, खोकल्यासाठी.”

मी काही बोललो नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि रस्त्यापलीकडे बोट केले.

“ती पाटी वाच बघू.”

मी वाचली.

“आता एक डोळा झाकून.”

भाचा हसू लागला. मी डावा डोळा झाकला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागलो.