पगार मोठा, हप्ताही मोठा

दरमहा दीड लाख रुपये हातात येणाऱ्या मुलाला कर्जाची काय चिंता, असं नातेवाइकांना वाटतं. पुण्यात आर्थिक नियोजनाचं काम करताना मला मात्र अशीच मुलं-मुली जास्त अवघडलेली दिसतात. पगार कमी असला तर ओढाताण चारचौघांत सांगता येते. पगार चांगला असूनही महिनाअखेर खातं रिकामं होतं, हे सांगायला जीभ रेटत नाही.

परदेशातल्या दोन वर्षांच्या एमएससाठी घेतलेलं 40 लाखांचं कर्ज धरू. व्याज 11 टक्के. निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला उचलली, निम्मी दुसऱ्या. शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही. या मोरॅटोरियमला घरोघरी सूट समजतात. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. सरळव्याजानेही या काळात 11 लाख चढतात आणि हप्ता बसतो तो 51 लाखांवर. दहा वर्षांच्या मुदतीला तो सुमारे 70,250 रुपये होतो.

आता खातेउतारा उघडा. पहिल्या हप्त्यातले 46,750 रुपये व्याजापोटी गेलेले दिसतील, मुद्दलाला लागले जेमतेम साडेतेवीस हजार. वर्षभरात 8 लाख 43 हजार भरूनही मुद्दल तीन लाखांनीसुद्धा उतरत नाही. इथे कित्येकांचा धीर सुटतो आणि ते उतारा बघणंच सोडून देतात.

माझं म्हणणं एवढंच, की हप्ता वजा जाता जे उरतं तेच आपलं उत्पन्न. दीड लाखवाल्याने स्वतःला 80 हजारवाला समजावं आणि घरभाडं, गाडी, सहली त्या हिशेबाने ठरवाव्यात. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं यात निर्णायक असतात, कारण एकदा वाढलेला खर्च खाली आणणं फार जड जातं. आधी चार-सहा हप्त्यांइतकी रक्कम बाजूला ठेवावी, म्हणजे नोकरी गेली तरी हप्ता चुकणार नाही. मग जादा भरणा सुरू करावा. याच कर्जात सुरुवातीपासून दरमहा 20 हजार जास्त भरले, तर ते दहा वर्षांऐवजी 80 महिन्यांत फिटतं आणि सुमारे 12 लाखांचं व्याज वाचतं. फ्लोटिंग दराच्या अशा कर्जाची मुदतीआधी फेड केल्यास बँक दंड लावू शकत नाही. मात्र जादा रकमेमुळे हप्ता कमी न करता मुदत कमी करा, असं बँकेला लेखी कळवावं.

प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट मिळते, पण ती आठ वर्षांपर्यंतच आणि जुन्या करप्रणालीत. म्हणून दरवर्षी दोन्ही प्रणालींचा कर मांडून पाहावा.

या कर्जात बहुतेक वेळा वडील किंवा आई सहकर्जदार असतात, अनेकदा राहतं घर तारण असतं. मुलाचा हप्ता चुकला की आईवडिलांचाही सिबिल स्कोअर घसरतो. तरीही घरात या विषयावर बोलणं होत नाही. पालक फ्लॅट कधी बुक करणार, लग्न कधी करणार, हे विचारतात. कर्ज किती उरलं, हे कुणी विचारत नाही.

ज्यांच्या घरी यंदा कर्जाचा अर्ज भरला जाणार आहे, त्यांनी सही करण्याआधी मुलांसोबत बसून हा हिशेब मांडावा. जमत असेल तर शिक्षण चालू असतानाच व्याज भरत जावं. वरच्या उदाहरणात तसं केलं, तर हप्ता 40 लाखांवरच बसतो आणि दरमहा 15 हजारांनी हलका होतो. आणि कर्ज आधीच डोक्यावर असेल, तर या दिवाळीत खातेउतारा काढून घरच्यांसमोर ठेवा. फेड तुम्हालाच करायची आहे, पण ती एकट्याने लपवून करू नका.