सावड

ज्याच्या दावणीला एकच बैल, त्यानं नांगरट करायची कशी? माणदेशातल्या पोरांना याचं उत्तर पहिलीत यायच्या आधीच ठाऊक असतं. शेजाऱ्याकडंही एकच बैल असतो. दोघं मिळून औत जुंपतात. दोन दिवस याच्या रानात, दोन दिवस त्याच्या. ही सावड. भांगलणीला, काढणीला माणसांचीही सावड चालते. ट्रॅक्टर आल्यापासून बैलांची सावड उणावली, बायकांची मात्र अजून टिकून आहे. ज्वारीच्या काढणीत माझ्या वर्गातल्या मुलांच्या कितीतरी आया सावडीनंच एकमेकींच्या रानात असतात.

सावडीचे नियम कुठं लिहिलेले नसतात, पण ते पक्के असतात. दिवसांचा हिशेब राहतो. बांधावर बसून राहणाऱ्याला पुढच्या खेपेला कुणी बोलावत नाही. आणि सगळ्यांनी मिळून राबलं तरी रान ज्याचं त्याचंच राहतं, पीक ज्याचं त्याच्या घरी जातं. बावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवते आहे. गट करून शिकवणं म्हणजे काय, हे मला या नियमांतून उमगलं. आणि ते उमगायला पहिली सात-आठ वर्षं गेली.

नोकरीच्या सुरुवातीला मी उत्साहानं गट करायची. सहा-सहा मुलं, प्रत्येक गटात एक हुशार मूल गटप्रमुख. तक्ते व्हायचे, भिंती सजायच्या, पाहायला आलेले खूश होऊन जायचे. एकदा एका गटानं जलचक्राचा देखणा तक्ता केला. पंधरा दिवसांनी घटक चाचणी घेतली, तर त्या सहांतल्या चौघांना बाष्पीभवन म्हणजे काय ते सांगता येईना. एकाला जवळ घेऊन विचारलं, "अरे, तक्ता तर तुम्हीच केला ना?" तो म्हणाला, "बाई, मी समुद्राला रंग दिला." खरंच दिला होता, रेषेबाहेर न जाता. माझ्या वर्गात दोन आठवडे मन लावून काम करूनही त्याच्या हाती निळ्या खडूखेरीज काही लागलं नव्हतं. ते वाक्य मी विसरलेले नाही.

पुढं रॉबर्ट स्लाव्हिन यांचं लेखन वाचनात आलं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षं याच प्रश्नाचा पिच्छा पुरवला: गटात शिकून मुलांची संपादणूक खरोखर वाढते का? वर्गांमध्ये झालेले कितीतरी प्रयोग त्यांनी ताडून पाहिले. मुलांना नुसतं एकत्र बसवून फारसं काही साधत नाही. वाढ दिसते ती दोन अटी एकदम पाळल्या तर. गटानं मिळून गाठायचं काहीतरी असलं पाहिजे, आणि ते गाठलं की नाही हे प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या शिकण्यावरून ठरलं पाहिजे. वाचताना मला सावडीतलं आमच्या चुलत्यांचं रान दिसलं. मिळून राबायचं, पण पीक ज्याचं त्याचं मोजायचं. माझ्या जलचक्रात पीक एकच होतं, भिंतीवरचं, आणि ते कुणाच्याच घरी गेलं नव्हतं.

स्लाव्हिन यांची एक रीत मी माझ्या वर्गापुरती बेतून घेतली. सराव गटात, चाचणी मात्र एकेकट्यानं, लांब लांब बसून. मग प्रत्येक मूल स्वतःच्या आधीच्या गुणांपेक्षा किती पुढं सरकलं ते पाहायचं आणि त्यावरून गटाला गुण द्यायचे. दहांपैकी तीनवरून सहावर आलेलं मूल गटाला भरघोस देऊन जातं. पैकीच्या पैकी मिळवणाऱ्यालाही पुरते गुण, म्हणजे वर जागा उरली नाही म्हणून त्याचं नुकसान नको. हा बदल केल्यावर पहिल्या महिन्यातच वर्गातली बोलणी बदलली. "ह्याला आमच्यात नको" हे ऐकू येईनासं झालं. तीन गुणांचं पोर गटाला हवंसं वाटू लागलं, कारण वाढायला सगळ्यांत जास्त जागा त्याच्याकडंच होती.

२२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला. त्या सुमारास साताऱ्याजवळच्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येत होत्या. मीही जाऊन आले. तिथं मुलं काड्यांचे गठ्ठे, गोटे, नाणी घेऊन स्वतः शिकत होती आणि शिक्षक मध्ये न पडता बघत होते, ते मला फार भावलं. पण पाहून गेलेल्यांपैकी अनेकांनी सोबत नेलं ते फरशीवरचं रंगकाम. गावोगावच्या वर्गांत गोल आखले गेले, त्यावर मुलं गोल बसली, मध्ये शिक्षक उभे राहून पूर्वीसारखेच सांगत राहिले. गोल बसल्यानं गट होत नाही. सावडीला बोलावून माणसांना बांधावर नुसतं गोल बसवलं तर खुरपणार कोण?

गटप्रमुखही मी बंद केले. पोरानं पोराला शिकवायची कल्पना आपल्याकडं जुनीच आहे. मद्रासमध्ये एग्मोरच्या अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी ती वापरली, १७९७ मध्ये त्यावर पुस्तक छापलं आणि इंग्लंडभर ती पसरली. पण त्या रीतीत एक मूल वर आणि बाकीची खाली. आपल्या वर्गातला मॉनिटर मला त्याच घराण्यातला वाटतो. गटप्रमुख नेमला की बाकीचे निवांत होतात आणि तो बिचारा सगळ्यांच्या वह्या भरत बसतो.

आता माझ्या वर्गात गट चारांचा. सहांमध्ये दोघं हमखास बांधावर बसतात. पुन्हा, खूप हुशार आणि खूप मागं असलेली मुलं एकत्र आणली की मधली मुलं हरवतात. त्यांना कुणी शिकवत नाही आणि त्यांच्याकडून कुणी शिकतही नाही, हे मी बऱ्याच उशिरा पाहिलं. पाढे पाठ करायला, अक्षर वळवायला, पहिल्यांदा वाचायला गट नको. ते ज्याचं त्यानं करायचं. आणि एक नियम मी कधीच मोडू देत नाही: ज्याची पेन्सिल त्याच्याच हातात. दुसऱ्याच्या वहीत कुणी लिहायचं नाही. मदत करायची तर तोंडानं, बोटानं, काड्यांनी. मागणाऱ्यानंही "उत्तर सांग" म्हणायचं नाही, "इथपर्यंत आलंय, इथं अडलंय" असं म्हणायचं. हे वाक्य मुलांच्या तोंडी बसायला दोन महिने लागतात. जूनमध्ये मी गणित कमी आणि मदत मागायलाच जास्त शिकवते.

त्यामागं एक कारण आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात नोरीन वेब यांनी गटात गणित सोडवणाऱ्या मुलांची बोलणी बारकाईनं ऐकून त्यांची नोंद केली. जे मूल उलगडून समजावून सांगतं ते स्वतः जास्त शिकतं. आणि अडलेल्या मुलाला नुसतं उत्तर मिळालं तर त्याचा काही फायदा होत नाही. एका मुलीचे वडील एकदा शाळेत आले होते. "बाई, पुढच्या वर्षी हिला नवोदयला बसवायचंय. हिनं दुसऱ्यांना का शिकवत बसावं?" त्यांचं म्हणणं रास्त होतं, लेकीच्या काळजीपोटी आलेलं होतं. मी संशोधनाचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्या तासभर वर्गात मागं बसा." ते बसले नाहीत, त्यांना रानात पाणी धरायचं होतं. पण लेकीला गटातून काढा असंही पुन्हा म्हणाले नाहीत.

पोरं कोण कुठल्या वस्तीवरची, यावरून वर्गातल्या सतरंज्या आपोआप वाटल्या जातात. हे कुणी बोलत नाही, पण पहिलीच्या पहिल्या आठवड्यात ते दिसतं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये बोर्डिंग काढून सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. शंभर वर्षं होऊन गेली, तरी आमच्या सतरंज्यांना अजून ते पुरतं कळलेलं नाही. म्हणून मला एलियट ॲरन्सन यांची रीत मोलाची वाटते. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वर्गावर्गांत तणाव होता. त्यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचा धडा हवा असेल तर दुसऱ्याचं ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नाही. मी परिसर अभ्यासाचे धडे असेच वाटते. आमच्या नदीवरचा तुकडा मुद्दाम त्या मुलाकडं देते, ज्याच्याशी मधल्या सुट्टीत कुणी बोलत नाही. पंधरा मिनिटं का होईना, सगळे त्याच्याकडं तोंड करून बसतात. एवढ्यानं जात जाते असा माझा दावा नाही. पण ती पंधरा मिनिटं मी सोडणार नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर मेंढरांमागं गेलेला माझा चौथीतला एक मुलगा आजी आजारी पडली म्हणून परत आला होता. भागाकाराचा सगळा घटक त्याच्याविना झालेला. गट त्याला घेऊन बसला. सहा जणींना ६१२ रुपये सारखे वाटायचे. त्यानं वहीत लिहिलं: १२.

"सहा एके सहा," तो सांगत होता. "एकाला भाग जात न्हाई, म्हणून दोन उतरून घेतलं. सहा दुणे बारा."

गटातला एक मधला मुलगा, एरवी गप्प असणारा, म्हणाला, "सहाशे रुपयं सहा जणींत वाटलं आन् एकीच्या हातात बाराच?"

मी दोन हातांच्या अंतरावर खाली बसले होते. जीभ दाताखाली धरली. नवोदयवाली मुलगी याच गटात. तिचं उत्तर केव्हाच आलं होतं, पण पेन्सिल त्याच्या हातात होती. तिनं खेळण्यातल्या नोटा काढल्या. शंभराच्या सहा, दहाची एक, रुपयाची दोन नाणी. सहा ढीग मांडले. प्रत्येकीला शंभराची एक गेली. दहाची एकटीच उरली.

"ही कुणाला द्यायची?" त्यानं विचारलं.

"कुणालाच नाही. मोडायची. दहा नाणी घ्यायची. ही दोन धरून बारा झाली. दोन-दोन."

नाणी वाटून झाली. तो वहीकडं बघत राहिला. "मंग दहाच्या घरात काय लिवायचं?"

"शून्य द्यायचं."

"का?"

ती थबकली. "बाईंनी सांगितलंय."

खरंच मीच सांगितलं होतं, फळ्यावर, 'भाग जात नसेल तर शून्य द्या' असं. त्याला ते पटेना. "कुणालाच मिळाली न्हाई, तर कायबी लिवायचं न्हाई की. रिकामं ठिवायचं."

ती गप्प झाली. बराच वेळ गेला असावा, कारण शेजारच्या गटाची बांगड्या मोजण्याची कुरबूर मला स्पष्ट ऐकू येत होती. मग तिनं ढिगातली शंभराची नोट बोटानं हळूच उजवीकडं सरकवली. "रिकामं ठेवलं तर ही इथं सरकंल. मग शंभराची दहाची होईल." आणि स्वतःशीच म्हणाली, "म्हणून बारा येतं."

तिला शून्य द्यायला येत होतं. ते का द्यायचं, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि कळलं ते त्याच्या हट्टामुळं. दिवाळीपासून वर्गात नसलेल्या पोरानं तिच्या रानात एक दिवस भरला होता. मी मध्ये बोलले असते तर दोघांचाही दिवस बुडाला असता.

त्यानं वही ओढून घेतली आणि उत्तराच्या जागी तीन चौकोन काढले. शंभराचं घर, दहाचं घर, सुट्ट्यांचं घर. मधल्या घरात गोल शून्य घातलं.

पुढच्या शनिवारी चाचणी झाली. सगळे एकटे, लांब लांब. ८२४ भागिले ८. त्याच्या कागदावर पुन्हा तीच तीन घरं होती, मधल्यात शून्य: १०३. कडेला एकदा लिहून खोडलेलं १३ दिसत होतं. तिचं उत्तर बरोबर असणार हे माहीतच होतं, म्हणून तिचा कागद मी शेवटी हातात घेतला. तिनंही उत्तरावर पेन्सिलीनं, अगदी पुसट, तीन घरं आखली होती.