तुरीचं तास

बाभुळगावात पैसा वर्षातून एकदा येतो. मृगात पेरणी, दसऱ्याच्या आगेमागे वेचणीला सुरुवात, मग गाडी भरून कापूस जिनिंगवर, आणि त्यानंतर कधीतरी चुकारा. त्या चुकाऱ्यावर लग्नं ठरतात, घरावर नवी टिनं चढतात, सावकाराची बाकी फिटते किंवा पुढच्या वर्षावर जाते. बेंबळा धरणाचं पाणी आलं तिथे चित्र थोडं पालटलं, पण कोरडवाहू वावरांचा तालुका अजून चुकाऱ्याचीच वाट पाहतो. दोन चुकाऱ्यांच्या मधलं घर माय चालवते. रोज दोन वेळा चालवते.

उद्योजक म्हटलं की आमच्या गावात जवाहरलाल दर्डांचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. १९२३ मध्ये ते इथेच जन्मले आणि १९७१ मध्ये त्यांनी नागपुरातून 'लोकमत' दैनिक सुरू केलं. पण एवढी मोठी झेप घेणारा माणूस विरळा. बाकीच्यांनी काय शिकावं, असं कोणी विचारलं तर मला गावातल्या आयाच आठवतात.

हल्ली कॉलेजांमधून उद्योजकतेवर व्याख्यानं होतात. पोरांनो, धोका पत्करा, असं त्यांत हटकून सांगितलं जातं. ते ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. धोका पत्करायला यवतमाळ जिल्ह्याला कोणी शिकवावं लागत नाही. कोरडवाहू कापूस पेरणारा माणूस दर जूनमध्ये होतं नव्हतं ते, शिवाय उसनं आणलेलं, मातीत टाकतो आणि आभाळाकडे पाहत बसतो. त्याच्याएवढा धोका शहरातला कोणता दुकानदार पत्करतो? त्या धोक्याची किंमत किती घरांनी मोजली, हे इथे कोणाला सांगायला नको. आमच्याकडे कमी पडली ती वेगळीच अक्कल. काय पणाला लावायचं नाही, हे पेरणीच्या आधी ठरवायची अक्कल. ती मी पाहिली ती मायजवळ.

पऱ्हाटीच्या ठरावीक ओळींनंतर तुरीचं एक तास सगळेच ठेवत. मायचा हट्ट त्यापुढचा असे. तुरीच्या तासात थोडी बरबटी, थोडा मूग, धुऱ्याच्या बाजूनं अंबाडी, एका कोपऱ्यात चार ओळी ज्वारी, वाळकाचा एखादा वेल. बाप चिडायचा. "तेवढ्या जागेत पऱ्हाटी लावली तं मणभर कापूस जास्त होईन." माय हातातलं काम न थांबवता विचारायची, "कापूस खाता येते काय?" आणि वाद तिथेच मिटायचा.

आता हिशोब मांडतो तेव्हा त्या तासाची खरी किंमत कळते. श्रावण सरता सरता मूग घरात यायचा. मग बरबटीच्या शेंगा, अंबाडीची भाजी, वाळकं, दिवाळीनंतर ज्वारी, आणि संक्रांतीच्या सुमारास तूर. कापसाचं काहीही होवो, दर महिन्या-दीड महिन्याला त्या वावरातून चुलीपर्यंत काहीतरी पोचत होतं. उरलेलं बाजाराच्या दिवशी विकून तेल-मीठ यायचं. खेळत्या पैशाअभावी धंदे बुडतात, चांगला माल असूनही बुडतात, हे व्यापारी सांगतात. मायनं तो पैसा चार ओळींत पेरून ठेवला होता.

आणि बियाणं. तुरीचा, मुगाचा चांगला भरलेला दाणा ती आधीच बाजूला काढायची. दोन-तीन कडक उन्हं द्यायची, पण तापलेला दाणा तसाच मडक्यात भरू द्यायची नाही. रात्रभर निवू द्यायची, नाहीतर आत घाम धरतो. मग चाळलेल्या राखेत कालवायची, म्हणजे भुंग्याला दाण्यादाण्यांतून फिरायला जागाच राहत नाही. वर कडुलिंबाचा वाळका पाला, आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपून बंद. अशी दोन मडकी असायची. दुसरं दुबार पेरणीचं. मृगाचा पाऊस पडून गेला, अंकुर वर आले आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडं राहिलं, तर पहिलं बियाणं मातीत जळतं. त्या दिवशी गावातली निम्मी माणसं कृषी केंद्राच्या दारात उधारी मागायला उभी असत. माय घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यातून दुसरं मडकं काढायची.

वैशाखात डाळीचा डबा रिकामा झाला तरी ते मडकं फुटत नसे. ती शेजारून पायलीभर डाळ उसनी आणेल, बेसनावर भागवेल, पण "बियाण्याले हात लावाचा नाई." कारखाना चालवणाऱ्या भल्याभल्यांना राखीव निधीची ही शिस्त जमत नाही. अडचण आली की पहिला हात तिथेच जातो.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बघता बघता वावरं कापसाच्या पाकिटांनी भरून गेली. पुढे तणनाशक आलं. त्याच्या फवाऱ्यात मूग-बरबटी टिकेना, म्हणून तासही गेलं. काही वर्षं उत्पन्न वाढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापूस आतून पोखरला, तेव्हा ज्या वावरात नुसती पऱ्हाटीच होती तिथे आधाराला दुसरी ओळच उरली नव्हती.

हे फक्त शेतातलं शहाणपण आहे असं मात्र नाही. मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायांना हेच करावं लागे. कामगार महिनाभर जेवायचा आणि पगार झाल्यावर पैसे द्यायचा. वाण्याचं उधार मात्र आधी वाढत जायचं, आणि मधली तूट सावकाराच्या व्याजी पैशानं भरून निघायची. पगारापर्यंत जितकी ताटं निभतील तितकीच वाढवायची, हे गणित कोणी शिकवलं नव्हतं, तरी त्या ते रोज सोडवत होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा १४ जणींना बँकेचं कर्ज मिळवून दिलं आणि त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं.

आमच्या शेजारच्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे २०१९ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटक होत्या. नवरा गेल्यावर दोन लेकरं वाढवताना त्यांनी अंगणवाडीतलं काम धरलं, शिवणकाम केलं. एका मिळकतीवर घर टांगायचं नाही, हे त्यांना कोणत्या पुस्तकात वाचावं लागलं नसेल. ते व्यासपीठ मला अजून आठवतं. गावोगावच्या बाया टीव्हीसमोर बसून एकटक पाहत होत्या.

पण आईपासून शिका म्हणताना आईच्या हाती काय दिलं, हे विचारल्यावाचून राहवत नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा म्हणून शेतकऱ्यांनाच साकडं घातलं, आणि १९९२ मध्ये सरकारनंही तशी सोय केली. तरी आमच्याकडचे किती सातबारे आजही एकाच नावाचे आहेत! बियाणं तिचं, निगराणी तिची, आणि बँकेच्या लेखी ती कोणीच नाही.

गेल्या वर्षी पुतण्यानं मिनी दालमिल टाकायचं काढलं. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठानं छोट्या गिरणीचा नमुना काढलाय, त्याच धर्तीवरची. मशीनसाठी कर्ज, आणि त्याहून मोठं कर्ज तूर भरून ठेवायला. भाव चढला की डाळ विकायची, असा बेत. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुरीचा भाव पडला तं हप्ता कायनं भरशीन रे बाप्पा?" २०१७ मध्ये हमीभाव ५,०५० रुपये असताना बाजारात तूर त्याहून कितीतरी खाली गेली होती. तिच्या घरात ती तेव्हा पोत्यांत पडून होती.

तिनंच मार्ग सुचवला. तूर विकत घेऊ नको. लोकांची तूर मजुरीवर भरडून दे, चुरी-टरफल ढोरांसाठी विक, आणि दोन हंगामांची मजुरी हाती आली की मग तुझी तूर भर. पुतण्या दोन दिवस घुम्यासारखा बसला. मग त्यानं दुसऱ्या कर्जाचा कागद मागे घेतला. मशीनचं कर्ज मंजूर झालं. कागदांवर सह्या दादाच्या झाल्या, कारण वावर त्याच्या नावावर. बँकेतून परतल्यावर दादानंच विषय काढला आणि वहिनीचं नाव सातबाऱ्यावर चढवायचा अर्ज तलाठ्याकडे दिला. दालमिलला आता एक हंगाम झालाय. आजूबाजूच्या खेड्यांतून बाया तुरीची गाठोडी घेऊन येतात आणि आधी वहिनीला भाव विचारतात.